करमरकरांच्या वाटेवर कुंपण

यंदा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका गणेशोत्सवात नरेंद्र करमरकरांवर व्याख्यान झालं. आपल्या ग्वाल्हेरात जन्मलेल्या मराठी माणसाची रीत जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत शिकवतात, हे ऐकायला लोक खुर्च्या ओढून पुढे येऊन बसले होते. व्याख्यान संपलं आणि वाद सुरू झाला. सॉफ्टवेअरची छोटी कंपनी चालवणारा एक तरुण उठून म्हणाला, "अमेरिकेनं त्यांच्या अल्गोरिदमला पेटंट दिलं, आपला कायदा देत नाही. मग हुशार मुलं इथे कशाला राहतील?" त्यावर मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, "अरे बाळा, विद्या विकायची नसते. शून्याचं कुणी पेटंट घेतलं होतं का?" टाळ्या काकांना पडल्या आणि तरुण हिरमुसून खाली बसला. मी मात्र अस्वस्थ होऊन घरी आलो. माझं मत काकांच्या बाजूचं आहे. पण त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी मांडणी इतकी कच्ची झाली की प्रश्नाला कुणाचा हातच लागला नाही.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो. अल्गोरिदमवर, म्हणजे गणित पायरीपायरीनं सोडवण्याच्या रीतीवर, कुणाची मालकी असू नये. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये गणिती पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंटयोग्य शोध मानलेलं नाही. डिसेंबर २००४ मध्ये वटहुकूम काढून हे कलम सैल करण्याचा प्रयत्न झाला होता, २००५ मध्ये संसदेनं तो टाकून दिला. संसदेनं केलं ते योग्यच केलं. पण त्याचं कारण 'विद्या पवित्र असते' हे नाही. विद्येची किंमत कुणीतरी मोजतच असतं. ती कोण मोजतं, केव्हा मोजतं आणि मोजून झाल्यावर दार उघडं राहतं की बंद होतं, हा खरा प्रश्न आहे. आणि करमरकरांची जी हकिकत त्या तरुणानं पेटंटच्या बाजूनं सांगितली, ती बारकाईनं पाहिली तर पेटंटविरुद्धच साक्ष देते.

करमरकरांनी शोधलं काय, हे माहीत असल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ होईल. थंडीत आपल्याकडे गजक करणारा कारागीर रोज सकाळी मनात एक हिशेब मांडतो. तीळ इतके, गूळ इतका, कुटायला माणसं इतकी. गजकेत नफा जास्त आणि मेहनतही जास्त, रेवडीत दोन्ही कमी. मग कशाचे किती किलो केले तर दिवसाची कमाई सर्वांत जास्त होईल? दोनच जिन्नस असतील तर कागदावर रेघा मारून उत्तर काढता येतं. बंधनांच्या रेघांनी एक बहुकोन तयार होतो आणि सर्वांत चांगलं उत्तर त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यावर असतं. विमान कंपनी किंवा टेलिफोन कंपनी हाच हिशेब हजारो जिन्नसांचा आणि हजारो बंधनांचा करते. याला लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात. तिथे बहुकोनाच्या जागी हजारो मितींचा एक किल्ला उभा असतो आणि त्याचे बुरुज मोजता मोजवत नाहीत. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी अमेरिकी हवाई दलात काम करताना सिम्प्लेक्स ही रीत काढली. तटावरून चालत राहायचं आणि दर वेळी जास्त फायद्याच्या शेजारच्या बुरुजावर जायचं. व्यवहारात ती झपाझप चालते. पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असा एक वेडावाकडा किल्ला रचून दाखवला की त्यात या रीतीला झाडून सगळे बुरुज फिरावे लागतात. १९७९ मध्ये सोव्हिएत गणिती खाचियान यांनी वेळेची खात्री देणारी रीत सिद्ध केली, पण प्रत्यक्षात ती फार संथ निघाली. १९८४ मध्ये करमरकरांनी तट सोडला आणि ते किल्ल्याच्या आतून निघाले. त्यांची युक्ती अशी की प्रत्येक पावलाआधी सगळ्या किल्ल्याचा नकाशा अशा तऱ्हेनं ताणायचा की आपण बरोबर मध्यावर येऊ. मध्यावरून कुठलीच भिंत अगदी जवळ नसते, त्यामुळे नफ्याच्या दिशेला लांब पाऊल टाकता येतं. पाऊल टाकलं की नकाशा पुन्हा ताणायचा. खाचियान यांच्या रीतीपेक्षा लागणारं काम चलांच्या, म्हणजे जिन्नसांच्या, संख्येच्या २.५ व्या घाताइतक्या पटीनं घटलं. शिवाय व्यवहारात सिम्प्लेक्सशी टक्कर देईल अशी ही रीत होती. १९ नोव्हेंबर १९८४ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ही बातमी पहिल्या पानावर छापली. तेव्हा करमरकर जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे होते.

आता त्या तरुणाचा पहिला मुद्दा: पेटंट मिळतं म्हणून माणसं तिकडे जातात. तारखा लावून पाहू. करमरकर आयआयटी मुंबईतून १९७८ मध्ये बाहेर पडले. तिथून अमेरिकेत कॅल्टेक, मग बर्कली विद्यापीठ, आणि १९८३ मध्ये रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली पीएचडी. १९७८ मध्ये अमेरिकेचा कायदा काय सांगत होता? १९७२ च्या बेन्सन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आकडे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलण्याच्या अल्गोरिदमला पेटंट नाकारलं होतं. ज्या वर्षी करमरकर आयआयटीतून बाहेर पडले त्याच वर्षी, फ्लूक खटल्यात, त्याच न्यायालयानं पुन्हा एका गणिती सूत्राला नकार दिला. दार किलकिलं झालं ते १९८१ च्या डीअर खटल्यानंतर. म्हणजे करमरकर ज्या अमेरिकेत गेले, ती अल्गोरिदमला पेटंट न देणारी अमेरिका होती. ते गेले कारण तिथे कार्प होते, कोणता प्रश्न संगणकालाही जड जातो याचा सिद्धांत ज्या खोल्यांत घडत होता त्या खोल्या होत्या, पोटाची काळजी नसलेली वर्षं होती. आणि पुढे ते भारतात परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले, त्यासाठी आपल्याला कायद्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

दुसरी गोष्ट, पेटंट करमरकरांना मिळालंच नाही. शोधक म्हणून नाव त्यांचं, हक्क त्यांच्या मालकाचा, म्हणजे एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीचा. इथे तिच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेचा, जिथे करमरकर काम करत होते, थोडा इतिहास आठवायला हवा, कारण या वादात तो कुणीच सांगत नाही. १९५६ च्या सरकारी तडजोडीत एटी अँड टीला आपली तोवरची पेटंटं इतरांना विनामोबदला वापरू द्यावी लागली होती. ट्रान्झिस्टर ज्या प्रयोगशाळेत जन्मला ती प्रयोगशाळा तीसएक वर्षं अशी अर्ध्या उघड्या दारानं चालली. तिथेच घडलेल्या युनिक्स या संगणकप्रणालीची मूळ संहिताही विद्यापीठांना नाममात्र पैशांत मिळायची. टेलिफोनच्या मक्तेदारीतून संशोधनाचा खर्च निघत होता, शोध विकून तो काढण्याची घाई नव्हती. १ जानेवारी १९८४ ला त्या कंपनीचे तुकडे झाले आणि हिशेब पालटला. करमरकरांचा शोध नेमका त्याच वर्षीचा. जुन्या, उघड्या दाराच्या घरात तो वाढला आणि मालकानं नव्या हिशेबानं त्याला कुंपण घातलं. १९८५ मध्ये अर्ज झाला, १९८८ मध्ये पेटंट मंजूर झालं, आणि त्याच वर्षी कॉर्बेक्स नावाची संगणक-प्रणाली ८९ लाख डॉलरला बाजारात आली. पहिलं गिऱ्हाईक अमेरिकी हवाई दल होतं. त्यानंतरची गिऱ्हाइकं मोजकीच.

मधल्या काळात विद्येचं काय झालं? बेल लॅब्जचं म्हणणं होतं की ही रीत सिम्प्लेक्सच्या पन्नासपट वेगानं चालते. इतर गणितज्ञ म्हणाले, दाखवा. पण संगणकाचा प्रोग्राम कसा लिहिला, कोणत्या उदाहरणांवर चालवला, याचा तपशील बाहेर येईना. काही वर्षं या विषयात संशय आणि कटुता साचून राहिली. कोंडी फोडली ती बाहेरच्यांनी. १९८६ मध्ये गिल, मरे, सॉन्डर्स, टॉमलिन आणि राइट या पाच जणांनी दाखवून दिलं की करमरकरांच्या रीतीचं साठच्या दशकातल्या जुन्या, भिंतीला टेकू न देणाऱ्या 'बॅरिअर' पद्धतींशी जवळचं नातं आहे. त्यानंतर शेकडो लोकांनी आतली वाट आपापल्या परीनं चालून पाहिली. संजय मेहरोत्रा यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली सुधारणा पुढे बहुतेक व्यापारी सॉफ्टवेअरांचा पाया झाली. चुरशीमुळे सिम्प्लेक्सलाही नवं बळ आलं. आज असं कुठलंही मोठं सॉफ्टवेअर उघडा, तटावरची वाट आणि आतली वाट दोन्ही शेजारी शेजारी असतात. हे सगळं करमरकरांच्या १९८४ च्या लेखामुळे घडलं. पेटंटमुळे यातलं काय घडलं, ते शोधूनही मला सापडत नाही.

त्या जुन्या नात्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. सोव्हिएत गणिती डिकिन यांनी १९६७ मध्येच आतून जाणारी एक रीत छापली होती. पश्चिमेत ती कुणाच्या गावीही नव्हती. यानं करमरकरांचं श्रेय कमी होतं असं मला मुळीच वाटत नाही. वेळेची खात्री सिद्ध करणारी सिद्धता त्यांचीच आहे आणि त्यातली सुंदर कल्पनाही त्यांचीच. पण गणितात असं वारंवार घडतं. जलद फूरिए रूपांतर, म्हणजे ध्वनीसारखा संकेत लहरींत झटपट मोडण्याची रीत, १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी मांडलं, तेव्हा गाउसच्या १८०५ च्या टिपणांत तीच युक्ती पडून होती. दोन माणसं दोन दिशांनी चालत एकाच विहिरीवर पोचतात. आधी नोंदणी कार्यालयात गेलेल्याच्या नावावर विहीर चढवली, तर दुसरा स्वतःच्या पायांनी येऊनही चोर ठरतो. गणितात हा प्रसंग नेहमी येतो.

तरीही पेटंटवाल्यांचा एक मुद्दा मी मनापासून मानतो, आणि तो काकांनी ऐकायलाच हवा होता. पेटंट म्हणजे सौदा असतो: तू शोध उघड कर, आम्ही ठरावीक वर्षं तुला हक्क देतो. हा सौदा नसेल तर लोक विद्या दडवतील. ग्वाल्हेरच्या माणसाला हे पटवून द्यायला नको. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी बडे महंमद खाँची गायकी पडद्याआड लपून ऐकली आणि उचलली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरीखोटी कशीही असो, ज्या घराण्याचा आपल्याला अभिमान आहे ते आपली जन्मकथाच चोरून ऐकण्याची सांगतं. उस्ताद चीज दडवत, अस्ताई देत आणि अंतरा मागे ठेवत, कारण चीज हीच त्यांची भाकरी होती. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण म्हातारपणी त्यांना कोण विचारणार होतं?

मग ती विद्या मोकळी कशी झाली? वासुदेवबुवा जोशांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं. इकडे कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये ग्वाल्हेरात शाळा सुरू केली. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या योजनेनुसार माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून छापल्या. यात कुठेही चिजेवर मालकी देणारा कायदा नव्हता. दरबारचा पगार होता, छापखाना होता, वर्ग होता. शिकवण्याची भाकरी मिळू लागली, तसं दडवण्याचं कारण संपत गेलं. दडवादडवीवर मालकी हा एकच उपाय आहे असं म्हणणाऱ्यानं आपल्याच शहरातला हा इतिहास एकदा तपासावा. आणि करमरकरांच्या बाबतीत तर तो सौदाही खरा ठरला नाही. रीत १९८४ मध्येच परिषदेत आणि नियतकालिकात छापून आली होती, पेटंटचा अर्ज नंतरचा. जे दडलेलं होतं, म्हणजे ती संगणकावर नेमकी कशी उतरवली, ते पुढेही दडलेलंच राहिलं. समाजानं हक्क दिला आणि बदल्यात नवं काही मिळालं नाही.

दुसरा सबळ मुद्दा पैशाचा. गुगलच्या पेजरँकचं, म्हणजे वेबपानांचा क्रम लावण्याच्या रीतीचं, पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे होतं. त्याच्या परवान्यापोटी मिळालेले शेअर विकून विद्यापीठाला सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. विद्येचा पैसा विद्येच्या घरी परतला, याला वाईट कसं म्हणू? पण त्या संशोधनामागे मुळात सरकारी अनुदान होतं, म्हणजे किंमत जनतेनं आधीच चुकती केली होती. आणि असे लॉटरीसारखे आकडे सांगताना दुसऱ्या टोकाचे लोक विसरले जातात. जीआयएफ चित्रं आठवा. १९८७ पासून लोक ती बिनधास्त वापरत होते. १९९४ च्या अखेरीस युनिसिस कंपनीनं सांगितलं की त्यामागची आकुंचनाची रीत आमची आहे, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी परवाना घ्यावा. ती रीत शास्त्रीय मासिकात छापून दहा वर्षं झाली होती, आणि अनेकांनी ती तिथेच वाचून वापरली होती. शेवटी चिडलेल्या प्रोग्रामरांनी पीएनजी हा नवा प्रकार बनवला. छोट्या कंपनीच्या त्या तरुणाला माझं हेच सांगणं आहे: पेटंटचं राज्य आलं तर त्याच्या हातात एक पेटंट असेल आणि समोरच्याच्या कपाटात दहा हजार. न्यायालयाची पायरी चढण्याचे पैसे कुणाकडे असतील? त्याचं स्वतःचं लिहिलेलं कोड आजही त्याचंच आहे. आपला कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीसारखं संरक्षण देतो. गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर कुणाचा तरी हक्क असतो, यमन कुणाचा नसतो.

आणि सर्वांत मूलभूत अडचण वेगळीच आहे. अल्गोरिदम डोक्यात चालतो. करमरकर आणि कार्प यांचीच १९८२ ची एक छोटी रीत घ्या. दोन भावांत वस्तूंची वाटणी करायची आहे, किमती ८, ७, ६, ५ आणि ४. दर वेळी सर्वांत मोठ्या दोन वस्तू दोन वेगळ्या भावांना जातील असं ठरवायचं आणि त्यांच्या जागी फक्त फरक लिहायचा. ८ आणि ७ गेले, १ आला. ६ आणि ५ गेले, १ आला. उरले ४, १, १. त्यातून ३ आणि १, शेवटी २. म्हणजे एकाला १६ आणि दुसऱ्याला १४. पूर्ण न्याय्य वाटणी १५-१५ ची आहे, ती या रीतीला सापडली नाही. पण आकडे शेकड्यांनी असतात तेव्हा ती फार थोड्या कष्टात समान वाटणीच्या बरीच जवळ नेऊन पोचवते. हे वाचताना तुम्ही आत्ता ती रीत मनातल्या मनात चालवलीत. तिच्यावर मालकी असती, तर ती मालकी नेमकी कशावर असती? पंपाच्या पेटंटनं मला पंप बनवण्यापासून अडवता येतं. हिशेबाच्या पेटंटनं मला विचार करण्यापासून अडवावं लागतं. 'आम्ही फक्त व्यापारी वापर अडवतो' हे उत्तर मला ठाऊक आहे. पण गजकवाल्याचा सकाळचा हिशेबही व्यापारीच आहे.

आता काकांकडे वळतो. शून्याचा दाखला त्यांनी दिला, आणि तो आपल्या किल्ल्यावरच आहे. चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० हा आकडा आज आपण लिहितो तशाच शून्यानं लिहिला आहे. पण तिथे लिहिलंय काय? देवळाच्या बागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप, आणि रोज लागणाऱ्या ५० हारांची तजवीज. ते शून्य एका दानाच्या नोंदीत कोरलेलं आहे. जमीन कुणीतरी दिली होती, माळ्याच्या पोटाची सोय कुणीतरी केली होती. रीत मोकळी होती, हे काकांचं खरं. पण ती फुकट उगवते अशी समजूत करून घेऊन आपण टाळ्या वाजवतो आणि संशोधन करणाऱ्या मुलाची शिष्यवृत्ती महिनोन् महिने अडकली तरी कुणी हूं की चूं करत नाही, तेव्हा त्या तरुणाचा राग मला रास्त वाटतो.

माझं उत्तर कानपुरात आहे, आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी एखादी संख्या मूळसंख्या आहे का हे खात्रीनं आणि वाजवी वेळात ओळखणारी रीत शोधली. शतकानुशतकांचा प्रश्न, आणि विद्यार्थ्यांनी नुकतीच बी.टेक. पूर्ण केलेली. त्यांनी लेख सरळ सगळ्या जगापुढे ठेवला. थोड्याच काळात परदेशी गणितज्ञांनी सिद्धता सोपी केली, लेन्स्त्रा आणि पोमरन्स यांनी वेग वाढवला. २००६ मध्ये तिघांना संगणकशास्त्राचं गोडेल पारितोषिक मिळालं आणि फुल्करसनही, जे करमरकरांना १९८८ मध्ये मिळालं होतं. पगार आणि वसतिगृह जनतेच्या पैशाचं, नाव तिघांचं, रीत सगळ्यांची. अशी सोय ग्वाल्हेरच्या, जबलपूरच्या, रीव्याच्या महाविद्यालयांत किती मुलांना मिळते? वाद घालायचाच तर यावर घालावा. पाठ्यवृत्ती वेळेवर मिळण्यावर घालावा, पदवी करणाऱ्या मुलाला दोन वर्षं नोकरीच्या चिंतेशिवाय एका प्रश्नाशी झुंजू देण्यावर घालावा.

व्याख्यानानंतरच्या रविवारी तो तरुण मला बाड्याच्या चौकात भेटला. करमरकरांचा मूळ लेख त्यानं वाचलेला नव्हता. मी त्याची प्रत काढून दिली, तेवीस पानांची. पेटंटची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे त्यावर काही लिहायला त्याला कुणाची परवानगी नको. दोन आठवड्यांत त्यानं पहिलं कोड लिहून आणलं. छोट्या उदाहरणांवर ते चालतं, मोठ्या उदाहरणांवर नकाशा ताणण्याच्या पायरीला आकडे बिघडतात. आम्ही आता त्याच पायरीवर अडलो आहोत, आणि येत्या रविवारी तो पुन्हा येणार आहे.